सावरीच्या उशीसाठी जानेफळ

बाबांची मान धरली नसती, तर मी आणि माझी बायको दोघं मिळून नांदुऱ्याच्या स्टेशनापर्यंतसुद्धा कधी गेलो नसतो. म्हणून या प्रवासाचं पहिलं श्रेय बाबांच्या मानेला. ही मान आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) आधी आठ दिवस आखडली, आणि इतकी आखडली की बाबांना वर बघता येईना. डावीकडे बघायचं तर ते सबंध वळायचे.

नांदुऱ्यात आमची रुई-धान्याची आडत आहे. घरात अकरा माणसं, आणि खोल्या चार. लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं होतं, पण यमुनेशी (घरात बायकोचं नाव घेण्याची सोय नाही, कागदावर मात्र मनसोक्त घेणार आहे) मी सलग दहा वाक्यं बोललो असेन असं मला आठवत नाही. एक वाक्य झालं की कोणीतरी दिवा मागायला यायचं, नाहीतर वहिनी पाटा उचलायला. तिच्या हातच्या भाकरीची चव मला पाठ होती, पण तिला हसू कशाचं येतं हे ठाऊक नव्हतं.

मान बघायला वडनेर भोलजीहून वैद्यबुवा आले. त्यांनी बाबांची उशी दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि सांगितलं की ही उशी नाही, दगड आहे. कापसाची उशी दबून दबून घट्ट होते, अशा मानेला सावरीच्या कापसाचीच उशी हवी, ती थंड असते आणि दबत नाही. जन्मभर रुई विकलेल्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे धाडसच. बाबा सबंध वळून भिंतीकडे तोंड करून बसले. तेवढ्यात दाराआडून यमुनेने आईला हळूच सांगितलं की जानेफळला तिच्या माहेरच्या शेतात सावरीची दोन मोठी झाडं आहेत, आणि बोंडं आत्ताच पिकायला आली असतील.

आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला भाऊ येतो. यंदा यमुनेचा भाऊ दत्तू येऊ शकत नव्हता, त्याने विहीर खोदायला काढली होती. आईने दोन्ही गोष्टींची मनात सांगड घातली, आणि मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावून निकाल दिला.

"जाय, घेऊन जाय तिले. पाच दिवसांत दोन गोण्या सावर आण. अन रिकाम्या हातानं आले, तर पुढं दोघांनी मिळून कुठं जायचं नाव काढू नका."

मी मान खाली घालून "हाव" म्हटलं. मान वर केली असती, तर चेहऱ्यावरचा आनंद तिला दिसला असता आणि तिने तिथल्या तिथे माझ्याऐवजी धाकट्या काकांना पाठवलं असतं.

पहिला दिवस. सकाळच्या गाडीने नांदुरा ते जलंब, तिथे गाडी बदलून खामगाव. तिसऱ्या वर्गाचे चार-चार आणे पडतात. जलंबला बदलीच्या गाडीसाठी बराच वेळ बसावं लागतं, त्यामुळे जाणाऱ्यांनी फिरकीचा तांब्या भरून न्यावा, स्टेशनातलं पाणी या दिवसांत कोमट असतं. आम्ही लिंबाखाली बसलो. मध्ये पेटी, पेटीच्या अलीकडे मी, पलीकडे ती. दीड वर्षात आमच्यात फक्त एक पेटी असण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि मला तेवढ्यानेच इतकं भरून आलं की मी तिला जलंब जंक्शनचं महत्त्व समजावून सांगू लागलो. कोणती लाइन कुठे जाते, रुईच्या गासड्या कशा चढवतात, सगळं. तिने ते ऐकून घेतलं. मग पदराखालून दशम्यांची पुरचुंडी काढून माझ्यापुढे ठेवली, आणि मी गप्प झालो.

खामगावाहून मेहकरकडे सर्व्हिस मोटर जाते, ती जानेफळला थांबते. मोटरीत पुढची जागा मागू नका, ती कोणातरी साहेबासाठी राखलेली असते आणि साहेब येत नाही. बायकांना मागच्या बाकावर बसवतात. मला चुन्याच्या डब्यावर जागा मिळाली. रस्ता खडीचा, धूळ भरपूर. उपरण्याने तोंड बांधून बसलेले आम्ही सगळे दरोडेखोर दिसत होतो.

आता या प्रवासातला माझा सर्वांत आवडता भाग येतो. घाट सुरू झाला आणि मोटरीच्या तोंडातून वाफ निघायला लागली. ड्रायव्हर खाली उतरला, पाण्याचा डबा शोधू लागला आणि सगळ्यांना म्हणाला की वरच्या वळणापर्यंत पायी चला, मोटर रिकामी आणतो. लोक कुरकुरले. एक म्हातारे गृहस्थ तर पैसे परत मागू लागले. मी मात्र असा टुणकन उतरलो की चुन्याचा डबा उलटता उलटता राहिला.

चालीरीतीप्रमाणे यमुना माझ्यामागे चार पावलं. पहिल्या वळणापर्यंत चार पावलं, दुसऱ्या वळणावर पुढचे लोक दिसेनासे झाले तेव्हा दोन, आणि तिसऱ्या वळणावर मी बाजूला पाहिलं तर ती शेजारून चालत होती. पळस, साग सगळे निष्पर्ण, ऊन मी म्हणणारं, आणि मला गार वाटत होतं. ती म्हणाली, "घरी गेल्यावर असं बोलाले भेटणार नाही. काय विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या."

दीड वर्ष मी प्रश्न साठवले होते. वखारीत बसल्या बसल्या मनात किती संभाषणं रचली होती. आणि त्या वळणावर माझ्या तोंडून काय निघावं, तर "तुले भेंडीची भाजी आवडते का?"

ती आधी थांबली. मग तोंडाला पदर लावला. मग मैलाच्या दगडावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला वाटतं त्या घाटात तेवढं कोणी कधी हसलं नसेल. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मीही तिच्यासमोर उभा राहून वेड्यासारखा हसत सुटलो. मागून येणाऱ्या एका बाईने आम्हाला ऊन लागलं की काय म्हणून विचारलं. भेंडी, प्रवाशांच्या माहितीसाठी सांगतो, तिला मुळीच आवडत नाही. दीड वर्ष ती मुकाट्याने खात होती.

दिवस मावळायच्या आत जानेफळ आलं. गाव मोठं आहे, काळ्या मातीचं, पाणी गोड.

दुसरा दिवस आखाजीचा. सासुरवाडीला जाणाऱ्यांना एक इशारा देतो. बायकोबरोबर वेळ मिळेल या आशेने सासुरवाडीला जाऊ नका. जावई ओसरीवर, लेक चुलीपाशी, मध्ये दोन दारं आणि सबंध भावकी. मला गादीवर बसवलं, पान दिलं, पंख्याने वारा घातला. आमरस, पुरणपोळ्या, कुरडया, वर तुपाची धार, आणि "घ्या ना जावईबापू" या आग्रहाला अंत नाही. दत्तूने दोन वेळा माझ्या ताटात पोळी टाकली आणि माझा हात धरून ठेवला. जेवून उठलो तेव्हा मला वाकता येत नव्हतं. बाबांची आठवण झाली. यमुना दिवसभरात एकदा दिसली, रसाचं पातेलं घेऊन जाताना. माझ्याकडे पाहून तिने फक्त "भेंडी" एवढे ओठ हलवले. सासरे शेजारी बसून पिकापाण्याचं बोलत होते आणि मी खाली बघून खोकल्याचं निमित्त करत होतो.

तिसरा दिवस सावरीचा. पहाटेच बैलगाडीने शेतात गेलो. ज्यांनी सावर पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सरळसोट उंच झाड, बुंध्यावर बोटाच्या पेरासारखे काटे, या दिवसांत पान एकही नाही. शिमग्याला लाल फुलांनी पेटलेलं असतं, आता फांद्याफांद्यांवर तपकिरी बोंडं लटकलेली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बोंडापेक्षा कितीतरी मोठी, लांबट. ती तडकायच्या आत काढावी लागतात. तडकली आणि वारा सुटला की संपलं. आम्ही पोचलो तेव्हा एक झाड आधीच अर्धं तडकलेलं होतं, आणि त्याच्यावरून पांढरे पुंजके सुटून पलीकडच्या शिवारात चालले होते. दत्तूने बोट ओलं करून वर धरलं आणि म्हणाला की दुपारून वारा येईल, जे होईल ते दुपारच्या आत.

म्हणजे पाच दिवसांची मुदत एकदम चार-पाच तासांवर आली. दत्तू लांब बांबूच्या आकडीने बोंडं ओढून पाडायचा, यमुना आणि सासूबाई गोण्यांत भरायच्या. मी सावलीत पान खात बसावं अशी सर्वांची इच्छा. सूर्य डोक्यावर येईतो एक गोणी भरली, दुसरी अर्धी झाली, आणि हाताला येणारी बोंडं संपली. उरलेली सगळी उंच. पहिली झुळूक आली तशी वरच्या एका बोंडाने तोंड उघडलं आणि त्यातला रेशमासारखा कापूस माझ्या नाकासमोरून निघून गेला.

मी यमुनेकडे पाहिलं. तिने अर्ध्या गोणीकडे पाहिलं. आईचा निकाल दोघांच्याही कानात होता.

मग मी जावईपण गुंडाळून ठेवलं. बैलगाडी झाडाखाली लावली, गाडीवर पेटारा, पेटाऱ्यावर मी, आणि हातात आकडी. सासूबाईंनी डोळे झाकून घेतले. दत्तूने पेटारा धरला, पण हसण्यामुळे तो पेटाऱ्यासकट हलत होता. माझा रुमाल एका फांदीला अडकून तिथेच राहिला, धोतराचा सोगा काट्यांनी फाडला. खालून यमुना हुकूम सोडत होती, डावीकडे, अजून डावीकडे, तुमच्या डावीकडे. माहेरच्या चार माणसांत तिने मला असं मोठ्याने काही सांगायची ही पहिलीच वेळ, आणि त्याचं भान तिलाही राहिलं नव्हतं, मलाही. बोंडं धपाधप पडत होती. एक माझ्याच डोक्यावर आपटून फुटलं आणि मी डोक्यापासून मिशांपर्यंत पांढरा झालो. खऱ्या वाऱ्याची पहिली लाट आली तेव्हा यमुनेने दुसऱ्या गोणीचं तोंड सुतळीने शिवून टाकलं होतं. मी गाडीवरून उडी मारली. कोणी बघत नाही असं पाहून तिने माझ्या मिशीतला कापूस दोन बोटांनी काढला. त्या दोन बोटांसाठी मी आणखी दहा सावरींवर चढलो असतो.

चौथ्या दिवशी गोण्या उन्हात ठेवल्या. जेवणात रोडगे आणि वांग्याची भाजी होती, घाटावर गेलात तर ती चुकवू नका. सावरीचं पुढे काय करतात हे मी कोणाला विचारलं नाही. ती कामं आतल्या अंगणातली, आणि जावयाला ओसरीवर कोण सांगणार. शिवाय रुईच्या घराण्यातला माणूस कापसाबद्दल विचारतो, हे मला शोभलं नसतं.

पाचव्या दिवशी परत. गोण्या मोटरीच्या टपावर बांधल्या. घाट आला तेव्हा मी ड्रायव्हरला विचारलं की गाडीवरचा भार हलका करायला आम्ही दोघं खाली उतरू का. तो म्हणाला, "उतारावर काऊन उतरता भाऊ?" मागच्या बाकावरून पदराआडचं हसू ऐकू आलं. जलंबला या खेपेला पेटी आमच्यामध्ये नव्हती, मी ती मुद्दाम कडेला ठेवली होती. दिवेलागणीला आम्ही नांदुऱ्यात शिरलो. आईने गोण्या हाताने दाबून पाहिल्या आणि "आणली बाप्पा" एवढंच म्हणाली. मी जिंकलो होतो.

प्रवासवर्णन इथे संपायला हरकत नव्हती. पण माझा जिंकलेला रुबाब दुसऱ्या दिवशी सकाळीही उतरला नव्हता. मी करीमभाई पिंजाऱ्यांना बोलावलं. आमच्या घरच्या गाद्या-उशा त्यांच्याच हातच्या. त्यांनी अंगणात कापूस पिंजायची कमान टांगली, आणि मी दोन्ही गोण्यांतली बोंडं फोडून पांढऱ्या कापसाचा ढीग त्यांच्यापुढे घातला. करीमभाईंनी चिमूटभर हातात घेतला, फुंकला, आणि तो गेला त्या दिशेला बघत राहिले.

"भाऊ, हे सावर आहे," ते म्हणाले. "हे कमानीवर नाही घेत कोणी. घरात इचारून तर पाहा."

मी म्हटलं, "करीमभाई, तीन पिढ्या रुईत गेल्या आमच्या. कापूस तो कापूस. तुम्ही लावा कमान."

यमुना दाराशीच उभी होती. करीमभाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर पुढे ओढला. तेव्हा त्यांनी तोंडाला फडकं बांधलं आणि कमानीची तात एकदा ठोकली.

एकदाच. सबंध ढीग जमिनीवरून उठला. हळू, अगदी शांतपणे, अंगणभर वर चढत गेला. मी दोन्ही हातांनी धरायला धावलो, त्या धावण्याच्या वाऱ्याने उरलेलाही उठला. कौलांवर गेला, म्हशीच्या पाठीवर बसला, शेजारच्या आडत्याच्या पागोट्यावर बसला. आणि माळवदावर आईच्या कुरडया वाळत होत्या, पहाटेच घातलेल्या, ओल्या. एकही कुरडई सुटली नाही. बाबा ओसरीवर बसून "काय झालं? काय झालं?" विचारत होते, कारण सगळं वर चाललं होतं आणि त्यांना वर बघता येत नव्हतं. मुलं नाचत होती. वहिनी हसून हसून पाटावर बसल्या. मी मात्र अंगणात उभा होतो आणि मला रडू येत होतं. पाच दिवस, दोन गोण्या, यापुढचे सगळे घाट, सगळं माझ्या एका शहाणपणापायी डोळ्यांदेखत कौलांवरून चाललं होतं. रिकाम्या हातांनी आल्यासारखंच झालं.

आई माळवदावरून खाली आली, केसांत कापूस. ती तोंड उघडणार एवढ्यात यमुना आतून आली आणि तिने बाबांच्या पायाशी पेटीतून काढलेली एक उशी ठेवली. पांढरीशुभ्र, फुगलेली. आईला तिने खालच्या मानेने सांगितलं की मागच्या साली तिच्या माहेरी काढलेल्या सावरीची ही उशी, तिच्या मायने मामाजींसाठी, म्हणजे बाबांसाठी, भरून दिली होती.

बाबांनी मान टेकवली.  मग रुईचा तो जुना व्यापारी डोळे मिटून म्हणाला की आता मला कोणी उठवू नका.

आई त्या उशीकडे बघत राहिली. तिने ती एका बाजूने दाबून पाहिली, हात काढला, पुन्हा दाबली. तिचा राग कुठे गेला कोणास ठाऊक. "अशीच एक मलेही पाहिजे," ती म्हणाली. "आता हे तर गेलं सगळं. पुढच्या आखाजीले दोघं पुन्हा जा. अन त्या खेपेले धांदल करू नका, आठ दिवस राहा, तिच्या मायच्या हातून साफ करून आणा."

मी पुन्हा मान खाली घातली.

दुपारी मी माळवदावर कुरडया साफ करत बसलो होतो, ती माझी शिक्षा होती. यमुना पाण्याचा तांब्या घेऊन वर आली. आसपास कोणी नव्हतं. मी विचारलं की सावर कमानीवर उडते हे तुला ठाऊक नव्हतं का. तिने एक कुरडई उचलली, तिच्यावरचा कापूस बोटाने टिपला आणि फुंकर घालून सोडून दिला.

"लहानपणापासून ठाऊक आहे मले," ती म्हणाली. "एकाच वर्षात सगळं आणून टाकलं असतं, तर पुढच्या आखाजीले आपण दोघं काय आणाले गेलो असतो?"